लेझरने चष्मा घालवायचाय? कोल्हापूरकरांसाठी पहिल्या तपासणीपासून पुढचं सगळं

दोन्ही डोळ्यांचं लेझर ऑपरेशन वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. त्याआधीच्या तपासणीत मात्र अर्धा दिवस जातो आणि नंतरची काळजी काही महिने चालते. तरी मला फोन करणारे बहुतेक जण त्या वीस मिनिटांबद्दलच विचारतात. दुखतं का, मध्येच डोळा हलला तर काय, भूल देतात का. ही भीती स्वाभाविक आहे, पण खरा निकाल तपासणीच्या दिवशीच लागतो. म्हणून या लेखात तपासणीवर सगळ्यात जास्त लिहिलंय.

मी राजारामपुरीत राहते. माझा नंबर उणे पाचच्या आसपास होता आणि शाळेपासून चष्मा होता. आता नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून स्वतःच निदान करू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि काय ऐकून घ्यायचं, तेवढं कळावं म्हणून हे लिहितेय.

१. आत्ताच करायचं का, हे आधी ठरवा

वय किमान १८ पूर्ण हवं आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. वर्षात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक पडत असेल तर थांबा. लेझर आजचा नंबर काढतं, उद्या वाढणारा नाही. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना घाई असते, पण त्याच वयात अनेकांचा नंबर सरकत असतो.

गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हे ऑपरेशन करत नाहीत, कारण त्या काळात नंबर आणि डोळ्यांचा ओलावा दोन्ही बदलतात. साखर आटोक्यात नसेल, संधिवातासारखा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार असेल, किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर ते आपणहून सांगा. कुणी विचारायची वाट बघू नका.

चाळिशीच्या आसपास असाल तर आणखी एक गोष्ट पक्की समजून घ्या. लेझरने लांबचा चष्मा जातो, पण वयानुसार लागणारा जवळचा चष्मा लागतोच. मायनस नंबरवाले आज चष्मा काढून पेपर वाचतात, ती सोय ऑपरेशननंतर राहत नाही. काही डॉक्टर एक डोळा लांबसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवायचा पर्याय देतात. तो पटला तर आधी तसे कॉन्टॅक्ट लेन्स घालून काही दिवस वावरून बघा. सगळ्यांना ते जमत नाही.

आणि लग्न. आपल्याकडे मुलीचं लग्न ठरलं की चष्म्याचा विषय हमखास निघतो. हळदीच्या आधी पंधरा दिवस ऑपरेशन उरकू नका. डोळे कोरडे असतात, रात्रीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि त्यात काजळ, मेकअप, अक्षता, हॉलमधला धूर. निदान तीन महिने आधी करा, नाहीतर लग्न होऊन जाऊ द्या.

२. भरतीची तयारी करताय? आधी जाहिरात वाचा

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं सैन्य, पोलीस आणि रेल्वेच्या मागे आहेत, म्हणून हा मुद्दा वेगळा काढला. नंबर गेला म्हणजे मेडिकल पास, असं समजू नका. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या पदासाठी लेसिक (लेझर ऑपरेशनचा एक प्रकार) झालेला उमेदवार अपात्र ठरतो, तसं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. सैन्यदलांत शाखेप्रमाणे आणि पदाप्रमाणे नियम वेगळे आहेत. काही ठिकाणी चालतं, पण ऑपरेशनच्या वेळचं वय, नंतर किती महिने उलटले, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) किती उरला, डोळ्याची लांबी किती, हे सगळं मोजतात.

अकॅडमीतल्या सरांच्या किंवा मित्राच्या शब्दावर जाऊ नका. ज्या पदाला अर्ज करणार त्याच्या चालू जाहिरातीतल्या वैद्यकीय अटींची प्रिंट काढा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवा. झालेलं ऑपरेशन लपत नाही. मशीनवर बसवलं की कॉर्नियाचा बदललेला आकार लगेच दिसतो.

३. तपासणीला जाण्याआधी

कॉन्टॅक्ट लेन्स बंद करा. मऊ लेन्स असतील तर साधारण एक ते दोन आठवडे आधी, कडक लेन्स असतील तर तीन-चार आठवडे. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो, तो मूळ जागी आल्याशिवाय घेतलेली मापं चुकतात. "लेन्स कधी काढल्या?" असं न विचारताच कुणी मापं घ्यायला लागलं, तर तुम्हीच थांबवून सांगा.

सोबत न्यायचं:

- चष्म्याच्या नंबरचे गेल्या दोन-तीन वर्षांचे कागद. हरवले असतील तर चष्म्याच्या दुकानात विचारा, बहुतेकांकडे नोंद असते. तेही नसेल तर जुने चष्मे न्या, काचेवरून नंबर काढता येतो.
- सध्या वापरता तो चष्मा
- चालू गोळ्या-औषधांची यादी, त्यात ॲलर्जीच्या आणि मुरुमांच्या गोळ्याही
- साखरेचा किंवा इतर आजारांचा अलीकडचा रिपोर्ट
- आधार कार्ड, विम्याचं कार्ड
- भरतीच्या अटींची प्रिंट, लागू असेल तर
- गाडी चालवायला दुसरं माणूस

शेवटचं विसरू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. कावळा नाक्यावरून तशा डोळ्यांनी टू-व्हीलर काढायची नाही.

४. तपासणीचा दिवस

हा दिवस डॉक्टरांपेक्षा तुमचा जास्त आहे. प्रत्येक चाचणी का करताहेत ते विचारा. ज्यांना सांगायला वेळ नाही, त्यांच्याकडे ऑपरेशन करायला माझ्या मते जाऊ नये.

नंबर दोनदा काढतात, थेंब घालण्याआधी आणि नंतर. तरुणांचे डोळे ताण देऊन नंबर लपवतात किंवा वाढवून दाखवतात, थेंबांनी तो ताण सुटतो आणि खरा नंबर कळतो.

मग कॉर्नियाचा नकाशा. मशीनमध्ये हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे बघायचं, न मिटता. पडद्यावर हिरवा-पिवळा-लाल असा रंगीत नकाशा उमटतो. बहुतेक ठिकाणी हे काम पेंटाकॅम नावाच्या मशीनवर होतं, त्यात कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजू दिसतात. डॉक्टर यात केराटोकोनस शोधत असतात. हा आजार असला की कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. त्याची नुसती शंका असली तरी लेसिक करायचं नसतं, कारण आधीच कमजोर असलेल्या कॉर्नियातून आणखी ऊती काढली तर तो पुढे फुगत जातो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. लहानपणापासून ॲलर्जीने डोळे खाजतात आणि तुम्ही ते मुठीने चोळता? मग हे डॉक्टरांना सांगाच. चोळण्याचा आणि केराटोकोनसचा जवळचा संबंध आहे.

पुढचा आकडा जाडीचा. कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर. एका नंबरासाठी लेझर अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन काढतं. हे गणित हाताने करून बघा. तुमची जाडी ५४० आणि नंबर उणे चार असेल, तर एका नंबरामागे १४ धरून ५६ मायक्रॉन लेझरने जातील आणि लेसिकमध्ये आधी उचलतात तो वरचा पापुद्रा ११० धरला, तर खाली ३७० च्या वर उरतात. निवांत. आता जाडी ४९० आणि नंबर उणे आठ घ्या. ११२ लेझरचे, ११० पापुद्र्याचे, उरले २६८. पूर्वी २५० ची मर्यादा मानत, आता बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला तयार नसतात. दुसऱ्या उदाहरणातल्या माणसाला जे डॉक्टर "तुमचं लेसिक होणार नाही" म्हणून घरी पाठवतात, त्यांचे आभार माना. दुसरीकडे कुणी हो म्हणेल का, हे शोधत फिरू नका. शंका असेल तर दुसरं मत जरूर घ्या, पण त्याच रिपोर्टची प्रत घेऊन, आणि "नाही का म्हणाले?" हा प्रश्न घेऊन.

अंधारात बाहुली किती मोठी होते तेही मोजतात, कारण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसण्याशी तिचा संबंध असू शकतो. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून अश्रू मोजतात. आधीच कोरड्या डोळ्यांवर लेसिक केलं तर कोरडेपणा वाढतो, म्हणून पट्टी कमी भिजली तर आधी त्याचे उपचार.

शेवटी मागचा पडदा, म्हणजे रेटिना. मोठ्या मायनस नंबरात डोळा लांबट असतो आणि कडेचा पडदा ताणून विरळ झालेला असू शकतो. तिथे छिद्र सापडलं तर आधी वेगळ्या लेझरने त्याभोवती कडं करून ते सुरक्षित करतात. आणि चष्मा गेला तरी डोळा लांबटच राहतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. पुढेही वर्षातून एकदा पडदा तपासायचा. अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, विजेसारखे चमकारे दिसले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

५. पद्धत तुमच्या कामावरून निवडा, जाहिरातीवरून नाही

मुख्य पद्धती तीन.

लेसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा थर पोळीच्या पापुद्र्यासारखा एका कडेने चिकटलेला ठेवून उचलतात, खाली एक्सायमर लेझर मारतात आणि थर परत बसवतात. थर ब्लेडने किंवा फेमटोसेकंद लेझरने कापतात. दुसऱ्या प्रकारालाच जाहिरातीत ब्लेडलेस म्हणतात. दुसऱ्या दिवशीच चांगलं दिसायला लागतं. पण तो थर पूर्वीइतका पक्का कधीच जुळत नाही, जोराचा मार बसला तर काही वर्षांनीही सरकू शकतो.

पीआरकेमध्ये असा थर नसतोच. सगळ्यात वरची त्वचा काढून थेट पृष्ठभागावर लेझर मारतात. त्वचा परत येईपर्यंत तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात. माझं हेच झालं. दुसरी रात्र सगळ्यात अवघड होती, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपत होतं, खिडकीला दुहेरी चादर लावावी लागली. तरी मला हीच पद्धत पटली, कारण सरकायला काही शिल्लक राहत नाही.

स्माइलमध्ये फेमटोसेकंद लेझरने कॉर्नियाच्या आतच एक बारीक चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती ओढून काढतात. मोठा थर नाही, कोरडेपणा तुलनेने कमी. नंबर थोडा उरला तर दुरुस्ती मात्र लेसिकइतकी सोपी नसते, आणि खर्च जास्त.

आता कोल्हापूरचं बघा. तालमीत लाल मातीत उतरणारा पैलवान, शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून खेळणारा फुटबॉलपटू, कबड्डीपटू: यांच्या डोळ्याला कोपर लागणं किंवा बॉल बसणं रोजचंच. अशांनी लेसिकपेक्षा पीआरके किंवा स्माइलबद्दल विचारावं. डॉक्टरांना नुसतं "खेळतो" म्हणू नका, काय खेळता ते सांगा. उलट, खुर्चीवर बसून काम आणि फार दिवस सुट्टी नाही, अशांना लेसिक सोयीचं पडतं. नंबर फार मोठा किंवा कॉर्निया पातळ असेल तर आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत नैसर्गिक भिंगापुढे बसवायची लेन्स, हा पर्याय असतो. ती गरज पडल्यास काढताही येते, पण ती डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे आणि आत पुरेशी जागा असावी लागते.

सुचवलेली पद्धत इथे मिळत नसेल तर लोक पुण्याला जातात. जायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशीची तपासणी टाळता येत नाही, म्हणून मुक्काम धरूनच बेत करा. पुढच्या तपासण्या कोल्हापुरात कोण करणार, हेही आधीच ठरवून घ्या.

६. पैसे आणि विमा

दोन्ही डोळ्यांचा खर्च पद्धतीप्रमाणे काही हजारांपासून लाखाच्या वर जातो. आकडा लेखी घ्या आणि त्यात काय धरलंय ते विचारा: तपासण्या, औषधं, वर्षभराच्या भेटी, आणि नंबर उरला तर दुरुस्ती. जाहिरातीत "पासून" असा शब्द असलेला दर बहुधा सगळ्यात साध्या पद्धतीचा असतो. "आजच बुकिंग केलं तर सूट" असं कुणी म्हणालं, तर उठून घरी या. हा निर्णय एका दिवसात घ्यायचा नसतो.

विम्याचा नियम सरळ आहे. नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर चष्मा घालवण्याचा खर्च आरोग्य विम्यातून वगळलेला असतो. ७.५ किंवा जास्त असेल तर मिळू शकतो, पण पॉलिसीचा प्रतीक्षा काळ संपलेला हवा. तेव्हा आधी अर्ज करून लेखी मंजुरी घ्या, मगच तारीख ठरवा.

७. ऑपरेशनचा दिवस

डोक्यावरून अंघोळ करून जा. अत्तर, सेंट, डिओ काहीही लावू नका, त्याच्या वाफेने लेझरच्या कामात अडथळा येतो. काजळ आणि मेकअप दोन-तीन दिवस आधीपासून बंद. पोट भरलेलं असू द्या, कारण भूल फक्त थेंबांची असते.

पापण्या क्लिपने उघड्या धरतात, त्यामुळे डोळा मिटेल ही भीती नको. समोर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं. डोळा थोडा हलला तर मशीन त्याच्या मागे जातं, जास्त हलला तर लेझर आपोआप थांबतं. लेसिक किंवा स्माइलमध्ये डोळ्यावर कडी दाबून धरतात, तेव्हा काही सेकंद अंधारतं. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

एक्सायमर लेझर चालू असताना टकटक आवाज येतो आणि केस जळाल्यासारखा वास येतो. डोळा भाजतोय असं वाटून पुष्कळ जण दचकतात. तसं काही नसतं. हा १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण ऊतीतले रासायनिक बंध तोडतो, आजूबाजूला उष्णता जवळपास पोचतच नाही. हा गुण १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत सापडला. तिथल्या तीन शास्त्रज्ञांपैकी एक रंगस्वामी श्रीनिवासन, मद्रास विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेलेले. आपल्याकडच्या माणसाचा यात एवढा वाटा आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

संमतीपत्रावर मात्र आत जाताना घाईत सही करायची नाही. ते आदल्या दिवशी मागून घ्या, मराठीत मागा. त्यावर पद्धतीचं नाव आणि दोन्ही डोळ्यांचे नंबर बरोबर आहेत का ते बघा.

८. पहिला आठवडा

थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर लावा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं अंतर ठेवा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. दुधाळ दिसणारी बाटली आधी हलवून घ्या. स्टेरॉइडचे थेंब सांगितलेल्या दिवशी आणि सांगितलेल्या क्रमानेच कमी करा. बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद करणं चूक, आणि मेडिकलमधून परत आणून चालू ठेवणं त्याहून मोठी चूक, कारण त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो.

झोपताना प्लॅस्टिकचं कवच लावा, झोपेत हात डोळ्याकडे जातोच. चेहऱ्यावर पाणी मारायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. केस धुवायचे तर कुणाकडून तरी, मान मागे टाकून. डोक्याला तेल थापू नका, ते कपाळावरून डोळ्यात उतरतं. घरातली वडीलधारी माणसं मायेने गुलाबजल, मध, एरंडेल घेऊन येतील. त्यांना समजावून सांगा, पण थेंबही घालू देऊ नका.

पीआरकेमध्ये डोळ्यावर बँडेज लेन्स ठेवलेली असते. ती निसटली तर परत बसवू नका, दवाखान्यात फोन करा. कुठल्याही पद्धतीत दुखणं कमी होत होत अचानक वाढलं, लाली वाढली, चिकट घाण यायला लागली किंवा नजर घसरली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं.

९. पुढचे महिने

कोरडेपणा तीन ते सहा महिने राहू शकतो. त्यासाठीचे कृत्रिम अश्रू घ्यायचेच, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. रात्री महामार्गावर समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, ती बहुतेकांची हळूहळू कमी होतात. तोवर रात्रीचं ड्रायव्हिंग टाळा.

पोहणं निदान महिनाभर बंद: तलाव, पंचगंगा, गावाकडची विहीर, सगळंच. रंगपंचमी आणि जोतिबाची चैत्र यात्रा डोळ्यासमोर ठेवूनच तारीख घ्या. गुलाल उडत असताना ताज्या डोळ्यांनी डोंगरावर जाणं परवडणारं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत गुलालही असतो आणि लेझर लाइटही. त्या लाइटने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या घटना आपल्या भागात घडल्या आहेत, ते लाइट तर कुणीच डोळ्यांवर घेऊ नयेत. पावसाळ्यात डोळे यायची साथ असते. मला विचाराल तर दिवाळीनंतरचा काळ बरा, फक्त तेव्हा गुऱ्हाळं पेटलेली असतात. ज्यांचं घरचं गुऱ्हाळ आहे त्यांनी चुलवाणाच्या धुरापासून लांब राहायची सोय आधीच करावी.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. इतकी वर्षं चष्मा आपोआप धूळ, किडे आणि ठिणग्या अडवत होता. तो गेला की डोळे उघडे पडतात. टू-व्हीलरवर बिननंबराचा गॉगल किंवा काच खाली केलेलं हेल्मेट हवंच. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग करणाऱ्यांनी सेफ्टी गॉगलशिवाय मशीनला हात लावू नये.

१०. फाईल आयुष्यभर जपा

सुट्टी देताना एवढे कागद मागून घ्या: ऑपरेशनच्या आधीचा नंबर, आधीचा कॉर्नियाचा नकाशा आणि वक्रतेचे आकडे, आधीची जाडी, आणि लेझरने किती मायक्रॉन काढले. काही महिन्यांनी नवा नंबर स्थिरावला की त्याचाही कागद घ्या.

उतारवयात मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेझरने ती वक्रता बदललेली असते, त्यामुळे नेहमीच्या सूत्राने हिशेब चुकू शकतो. जुने आकडे हाताशी असतील तर डॉक्टरांना तो सुधारता येतो. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतानाही तसंच. कॉर्निया पातळ झालेला असल्याने यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून पुढे कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे गेलात तरी पहिल्यांदा सांगायचं की लेझर झालंय, आणि फाईल समोर ठेवायची. कागद विरतात आणि दवाखाने बदलतात, तेव्हा सगळ्याचे फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवा आणि घरातल्या एकाला तरी ते कुठे आहेत हे सांगून ठेवा.